दाखला काढण्याआधी

"मॅडम, पोराचा दाखला काढायचाय."

कार्यालयाच्या खिडकीशी येऊन कुणी असं म्हणालं की मी आधी विचारायचे, "कुठल्या शाळेत घालताय?" उत्तर "कुठंच नाही, आता घरीच राहील" असं आलं, तर मी हातातलं पेन खाली ठेवायचे आणि त्या माणसाला आत बसायला बोलवायचे. फलटण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी 27 वर्षं लिपिक होते. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. शाळेत रोज येता येत नाही म्हणून शिक्षण सुटत नाही. पुढची वाट ठरायच्या आत पटावरून नाव निघतं आणि तिथून ते सुटतं. म्हणून रोज शाळेत न जाता शिकायच्या ज्या वाटा मला माहीत आहेत, त्या इथं सांगते. माझा धाकटा भाऊ यातल्याच एका वाटेनं दहावी झाला, त्याचंही पुढे येईल.

अडचण किती दिवसांची आहे?

हे आधी स्वतःला विचारा. चार महिन्यांचं आजारपण आणि कायमचं शाळा सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालक घाबरले की दोन्हीला एकच उपाय करतात.

अडचण काही महिन्यांची असेल तर दाखला काढूच नका. नववीतल्या एका मुलीला संधिवाताचा ताप आला, हृदयावर परिणाम झाला आणि डॉक्टरांनी चार महिने विश्रांती सांगितली. वडील दाखला मागायला आले. त्यांना मी मुख्याध्यापकांकडे नेलं. अर्ज लिहून घेतला, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र लावलं, आणि वर्गशिक्षिकेनं आठवड्याचा अभ्यास शनिवारी मोबाईलवर पाठवायचा असं ठरलं. मुलगी घटक चाचणीला आणि विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला रिक्षानं यायची, पुढच्या बाकावर बसायची, काम झालं की घरी. शाळेच्या कागदांवर ती पूर्ण वर्ष आमचीच विद्यार्थिनी राहिली.

यात बघायची गोष्ट हजेरी. दहावी-बारावीच्या परीक्षेला बसायला राज्य मंडळ काय किंवा सीबीएसई काय, 75 टक्के हजेरी मागतं. आजारपणासारखं खरं कारण असेल तर सवलतीसाठी शाळेमार्फत मंडळाकडे जाता येतं. त्यासाठी दवाखान्याचे कागद तारखेनिशी लागतात. म्हणून पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक कागद एका फाईलला लावून ठेवा. जानेवारीत डॉक्टरांकडे जाऊन जूनचं प्रमाणपत्र मागायची वेळ येऊ देऊ नका. पाचवी आणि आठवीलाही आता वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावं लागतं, त्यामुळे त्या वर्षी "लहान वर्ग आहे, चालेल" असं म्हणता येत नाही.

नाव एका शाळेत आणि मूल दिवसभर शिकवणीत, अशी 'डमी' व्यवस्था कुणी सुचवली तर ती नाकारा. तिथं हजेरी खोटी लागते. तपासणी झाली की परीक्षेला मुकायची वेळ मुलावर येते, क्लासवाल्यावर नाही.

17 नंबरचा फॉर्म

राज्य मंडळाची दहावी किंवा बारावी शाळेत न जाता, खाजगीरित्या द्यायची असेल तर हा फॉर्म. गावाकडे याला नुसतं '17 नंबर' म्हणतात. दहावीसाठी वयाची 14 वर्षं पूर्ण आणि किमान पाचवी उत्तीर्ण असावं लागतं. बारावीसाठी दहावी उत्तीर्ण. सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या माणसालाही ही वाट खुली आहे, आणि वरची वयोमर्यादा आड येत नाही.

माझा भाऊ आठवीत शाळा सोडून टायर रिमोल्डिंगच्या दुकानात कामाला लागला. 24 व्या वर्षी त्याला दहावी करायची होती. दाखला हरवला होता, पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीत पाणी गेलं त्यातच. तो म्हणाला, आता काय उपयोग. पण दाखला हरवतो, जनरल रजिस्टर हरवत नाही. मुलाचं नाव, जन्मतारीख, कधी आला, कधी गेला हे सगळं त्या जाडजूड वहीत असतं आणि शाळा ती कायम जपते. त्याच्या जुन्या शाळेत जाऊन दाखल्याची दुसरी प्रत काढली, सोबत प्रतिज्ञापत्र केलं आणि काम झालं.

फॉर्म आता ऑनलाईन भरायचा असतो. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, फोटो हाताशी ठेवा. मोबाईल नंबर घरातला द्या. नेट कॅफेवाल्याचा दिलात तर पुढचे सगळे निरोप त्यालाच जातील. अर्ज भरताना राहत्या भागातली एक शाळा 'संपर्क केंद्र' म्हणून निवडायची असते. पैसे भरल्यावर अर्जाची छापील प्रत आणि मूळ कागद त्या शाळेत नेऊन द्यायचे. मुदत साधारण पावसाळ्यात असते, नंतर विलंब शुल्क लागतं. तारखा मंडळाच्या संकेतस्थळावर येतात. सातारा, सांगली, कोल्हापूर हे जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाकडे आहेत. राज्यात अशी नऊ विभागीय मंडळं आहेत, तुमचा जिल्हा कुठं येतो ते बघा.

आता सगळ्यात जास्त घसरायची जागा. 17 नंबरचा फॉर्म म्हणजे फक्त नावनोंदणी. परीक्षेचं आवेदनपत्र नंतर वेगळं भरावं लागतं. दरवर्षी कुणीतरी फेब्रुवारीत हॉल तिकीट मागायला यायचं आणि त्याचं आवेदनपत्रच भरलेलं नसायचं. त्या वेळी समोरच्याचा चेहरा बघवत नाही. तेव्हा नावनोंदणी झाली की दिवाळीच्या आगेमागे संपर्क केंद्रात स्वतः जा आणि "परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा?" असं थेट विचारा.

केंद्राशी संबंध ठेवायचं दुसरं कारण म्हणजे गुण. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं, अंतर्गत मूल्यमापन यांचे गुण तिथंच मिळतात. विषयशिक्षकांना भेटा, कुठल्या वह्या पूर्ण करायच्या ते लिहून घ्या. खाजगी विद्यार्थी म्हणून कुणी हिडीसफिडीस केलं तर मुख्याध्यापकांकडे जा. केंद्रानं तुम्हाला मदत करणं हे त्याचं काम आहे. बारावीला विज्ञान शाखा मनात असेल तर प्रात्यक्षिकांची सोय कुठं आणि कशी होणार, हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या.

एनआयओएस

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस, 1989 साली सुरू झाली. ती केंद्र सरकारची आहे आणि तिचं प्रमाणपत्र इतर मंडळांच्या बरोबरीचं धरतात. पुण्यात तिचं प्रादेशिक केंद्र आहे. दहावी मराठी माध्यमातूनही करता येते.

ही वाट कुणाची? ज्याला सगळे विषय एकदम झेपत नाहीत त्याची, आणि ज्याचं वेळापत्रक शाळेच्या घंटेत बसत नाही त्याची. आमच्या आळीतली एक मुलगी कुस्ती खेळते. पहाटे तालीम, संध्याकाळी तालीम, मध्ये वर्षातून पाच-सहा स्पर्धा. तिच्या आईशी मी दोन संध्याकाळ बसले आणि आम्ही हेच निवडलं. दहावीला प्रवेश घ्यायला वयाची 14 वर्षं पूर्ण हवीत. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मेच्या सुमाराला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पाच विषय घ्यायचे, त्यात निदान एक भाषा. एका वेळी दोनच विषय दिले तरी चालतं. त्या मुलीनं पहिल्या खेपेला मराठी आणि गृहविज्ञान दिलं, दोन्हीत पास झाली, आणि त्या निकालानं तिच्या अंगात जे बळ आलं ते सहा विषयांच्या ओझ्याखाली आलं नसतं. उत्तीर्ण व्हायला 33 टक्के लागतात. राज्य मंडळात 35.

आधी दुसऱ्या मान्यताप्राप्त मंडळाच्या दहावीला बसून काही विषयांत पास झालेलं असेल तर त्यातल्या दोन विषयांपर्यंतचे गुण इकडे आणता येतात. नापास झालेल्या मुलाच्या पालकांना हे माहीतच नसतं. ते पोराला सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात.

प्रत्येक विषयाचा स्वाध्याय असतो, त्याला 20 टक्के वजन. मुलं तो शेवटच्या आठवड्यात कुणाचा तरी बघून उतरवतात. असं करू नका. घरी शिकणाऱ्या मुलाचं उत्तर कुणी तपासून देतं अशी ही एकमेव जागा आहे. नोंदणीच्या वेळी अभ्यास केंद्र मिळतं आणि तिथं संपर्क वर्ग होतात, बहुतेक ठिकाणी सुटीच्या दिवशी. घर आणि शाळा या दोन्हींचा मेळ इथंच बसतो, म्हणून वर्ग चुकवू नका. केंद्र निवडताना नावावर जाऊ नका. एका रविवारी तिथं जाऊन बघा, वर्ग खरंच भरतो का. आम्हाला मिळालेलं पहिलं केंद्र कुलूपबंद होतं. प्रादेशिक केंद्राला लिहून ते बदलून घ्यावं लागलं आणि त्यात दोन महिने गेले.

विषय निवडताना दहावीच्या पलीकडे बघा. गणित नको वाटतं म्हणून सोडता येतं खरं, पण पुढे विज्ञान शाखा किंवा तांत्रिक शिक्षण मनात असेल तर तिथल्या प्रवेशाच्या नियमांत कुठले विषय मागितलेत ते आधी वाचा. दहावी आणि बारावीच्या प्रमाणपत्रात दोन वर्षांचं अंतर लागतं, हेही धरून चाला.

पैसे संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः भरा. 'हमखास पास, घरबसल्या दहावी' अशा पाट्या तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ दिसतात. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबानं अशा एका एजंटाला 18 हजार रुपये दिले. हातात आलेलं प्रमाणपत्र ज्या मंडळाचं होतं, त्याला कुठलीच मान्यता नव्हती. मुलाची आयटीआयची जागा गेली. कुठल्याही मंडळाचं नाव नवीन वाटलं तर ते मान्यताप्राप्त मंडळांच्या यादीत आहे का, हे मुख्याध्यापकांकडून किंवा गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून खात्री करून घ्या, आणि मगच पाकीट उघडा.

मूल लहान असेल तर

6 ते 14 वयाच्या मुलाचा शिक्षणाचा हक्क 2009 च्या कायद्यानं दिला आहे. शाळा कधीच न बघितलेल्या 11 वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवत नाहीत. त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, अशी तरतूद आहे. दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा, खिडकीवर उपयोगी पडतं.

तरीही रोजची शाळा शक्यच नसेल, तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षा आहेत. पाचवीला वयाची 10 वर्षं पूर्ण, आठवीला 13. इथंही संपर्क केंद्र निवडायचं असतं. इथून आठवी करून पुढे 17 नंबरनं दहावी, असा धागा लागतो.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं

आमच्या भागात दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या येतात. मुलं सोबत. हंगाम संपतो तोवर परीक्षा उरकलेल्या असतात. या आईबापांना माझं सांगणं आहे की गाव सोडण्यापूर्वी मुलाच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. त्यावर मुलाचा वर्ग आणि त्याची प्रगती लिहिलेली असते. जिथं कोपी, म्हणजे राहायची झोपडी, पडेल तिथल्या जवळच्या शाळेत ते दाखवलं की मूल वर्गात बसतं, आणि परत जाताना इथली नोंद घेऊन जातं. मूळ गावी आजी-आजोबा असतील तर मुलाला तिथंच ठेवून हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारा. दसऱ्याच्या आधी विचारा. टोळी निघाल्यावर कुणाच्या हातात काही राहत नाही.

अंथरुणावरचं मूल

तीव्र किंवा बहुविकलांग मुलाला घरी राहून शिकायचा हक्क आहे. 2012 च्या दुरुस्तीनं तो कायद्यात आला. समग्र शिक्षा योजनेतून विशेष शिक्षक घरी येऊन शिकवतात. नाव मात्र जवळच्या शाळेच्या पटावर असतं, पुस्तकं आणि इतर लाभही मिळतात. अशा मुलींना महिना 200 रुपये, वर्षाचे दहा महिने, असा भत्ताही आहे. हे सगळं आपोआप दारात येत नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा आणि पंचायत समितीच्या शिक्षण विभागात लेखी अर्ज द्या. पोच घ्या. एका आईनं तोंडी सांगून वर्षभर वाट बघितली. लेखी अर्ज गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात शिक्षिका घरी आली. त्या मुलाला बोलता येत नाही. चित्रावर नजर टाकून तो 'हो' आणि 'नाही' सांगायला शिकला, तेव्हा त्याच्या आईनं शाळेत येऊन आम्हा सगळ्यांना पेढे दिले.

अशी मुलं पुढे मंडळाच्या परीक्षेला बसतात तेव्हा लेखनिक आणि ताशी 20 मिनिटं जादा वेळ मिळू शकतो. त्याची मागणी आवेदनपत्रासोबतच करायची.

घरी अभ्यास कसा लावायचा

2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं तेव्हा म्हटलं गेलं. गावातल्या शाळांचे वरचे वर्ग मध्ये काही काळ भरून पुन्हा बंद झाले आणि 2021 च्या ऑक्टोबरात परत भरले, पहिली ते चौथीची मुलं तर डिसेंबरात परतली. एवढ्या काळात मी रोज हेच बघितलं की फोन असलेली सगळी मुलं शिकली नाहीत, आणि फोन नसलेली सगळी मागे पडली नाहीत. ज्या घरात संध्याकाळी कुणीतरी "आज काय वाचलंस, दाखव" म्हणालं, त्या घरातली मुलं टिकली. तो विचारणारा माणूस शिकलेला असायला लागत नाही.

साधनं फुकट आहेत. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. पुस्तकातल्या धड्याजवळ क्यूआर कोड असतो, तो दीक्षा ॲपनं स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ आणि प्रश्न उघडतात. गावात रेंज नसेल तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला आल्यावर आठवड्याचं साहित्य डाऊनलोड करून ठेवा. टीव्हीवर पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या डीडी फ्री डिशवर लागतात. फोन एकच आणि भावंडं तीन असतील तर भिंतीवर वेळा लिहून लावा. मोठ्या मुलाला पहाटेची वेळ द्या.

माझा भाऊ साडेचार ते साडेसहा अभ्यास करायचा, मग दुकान उघडायचा. दुपारी काही नाही. रविवारी घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका पूर्ण लिहायची. त्याची पहिली अडचण समजण्याची नव्हतीच, लिहिण्याची होती. दहा वर्षं पान्हा धरलेला हात अर्ध्या तासात आखडायचा. भाषेचा पेपर 80 गुणांचा, तीन तासांचा. गणिताचे आणि विज्ञानाचे दोन-दोन भाग, प्रत्येकी 40 गुण आणि दोन तास. घरून शिकणाऱ्याचं वाचन होतं, पण हात तयार होत नाही. म्हणून ऑगस्टपासूनच रोज दोन पानं लिहायला लावा, वाचलेलंच का असेना.

आणि ते कागद

ज्यांना दाखला काढायचाच आहे त्यांनी हातात घेतल्यावर तिथंच, खिडकीसमोर उभं राहून वाचावा. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, आधारवर आहे तसंच आहे का बघा. आमच्या रजिस्टरात 1 जूनला जन्मलेली मुलं शेकड्यांनी आहेत, कारण गुरुजींनी प्रवेशाच्या दिवशी तीच तारीख घातली. मूल पटावर आहे तोवर दुरुस्ती होऊ शकते, फक्त पुरावा द्यावा लागतो. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती फार अवघड होते. भावाच्या आधारवर आणि दाखल्यावर वेगळी तारीख निघाली, ती जुळवायला त्याला सहा खेपा माराव्या लागल्या आणि सहा दिवसांची मजुरी गेली. दाखल्याच्या तीन झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. पत्र्याच्या पेटीत नको.

हॉल तिकीट आलं की पुन्हा तसंच वाचा, विषयांचे सांकेतिक क्रमांकसुद्धा. चूक असेल तर त्याच दिवशी संपर्क केंद्र गाठा. परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्रावर जाऊन आपला बैठक क्रमांक कुठल्या खोलीत आहे ते बघून या. शाळेतल्या मुलांना हे वर्गात सांगितलेलं असतं, खाजगी विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही. शक्य असेल तर त्याच्यासोबत घरातलं कुणीतरी जा. भावासोबत मी गेले होते. आम्ही जिना चढून वर गेलो, खिडकीजवळचा बाक बघितला, आणि पाणी प्यायची टाकी कुठं आहे तेही बघून ठेवलं.